पडदा हेच साहित्य : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात नव्या पडद्यांवर काम करणाऱ्या कलावंतांविषयी एक छोटे टिपण आले होते. कलावंताच्या दृष्टीने पडदा म्हणजे चित्र दाखवण्याची निव्वळ सोय नव्हे. रंग, माती, दगड यांच्यासारखे तेही एक साहित्य आहे आणि प्रत्येक साहित्याप्रमाणे त्यालाही स्वतःचा स्वभाव व हट्ट असतो, एवढाच त्या टिपणाचा आशय होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी दृश्यकलेची विद्यार्थिनी आहे. अवाढव्य एलईडी पडद्यांवरची कामे पाहताना मला वाटते की, कलावंत येथे नव्या यंत्रांची जाहिरातच करत असतात. माझा आक्षेप चुकीचा आहे का?

उत्तर : आक्षेप चुकीचा नाही, अपुरा आहे. नवा पडदा बाजारात आला की विकणाऱ्याला त्यावर दाखवायला एखादे देखणे चित्र हवे असते, आणि ते करून देणारा कलावंतही त्याला मिळतो. अशा कामात पडद्याचा आकार आणि तेज यांनाच महत्त्व येते. पुढे त्याहून मोठा पडदा उभा राहिला की त्या कामाची आठवण काढण्याचे कारण उरत नाही. परंतु पडद्याशी प्रयोग करण्याची दुसरी एक परंपरा आहे, आणि तिची सुरुवात पडद्याचे कौतुक करण्यापासून झालेली नाही.

मार्च १९६३ मध्ये जर्मनीतील वुपरटाल येथील पार्नास गॅलरीत नाम जून पाइक या कोरियन कलावंताने आतील जोडण्यांत फेरफार केलेले दूरचित्रवाणी संच मांडले. पाइक मूळचा संगीताचा अभ्यासक होता, त्यामुळे संचाकडे तो एखाद्या वाद्याकडे पाहावे तसा पाहत होता. प्रदर्शनासाठी आणताना त्यातला एक संच बिघडला आणि चित्राऐवजी त्यावर एकच आडवी प्रकाशरेषा उरली. पाइकने तो दुरुस्त केला नाही. संच कुशीवर ठेवून ती रेषा उभी केली आणि तेच काम म्हणून मांडले. पुढे १९६५ साली त्याने एका संचाच्या डोक्यावर नालाच्या आकाराचे मोठे चुंबक ठेवले. जुन्या काचनळीच्या (सीआरटी) संचात इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकीय वेटोळ्यांच्या साहाय्याने पडद्यावर डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवला जातो. बाहेरचे चुंबक त्या झोताला वाकवते आणि पडद्यावर वळलेल्या, पाकळ्यांसारख्या आकृती उमटतात. घरात बसून फक्त पाहायचे असे ज्या वस्तूबाबत गृहीत होते, त्या वस्तूत हात घालता येतो हे त्या चुंबकाने दाखवून दिले.

हेच चुंबक आजच्या सपाट एलसीडी पडद्यावर ठेवून पाहिले तर काहीच घडणार नाही, कारण तेथे वाकवण्याजोगा झोतच नसतो. एलसीडीमध्ये मागचा दिवा सतत जळत असतो, आणि पुढे-मागे असलेल्या दोन ध्रुवणपटलांमधील (ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाशच पुढे सोडणाऱ्या पातळ पटलांमधील) द्रवस्फटिक कोणत्या बिंदूतून किती प्रकाश जाऊ द्यायचा हे ठरवतात. टाकाऊ पडद्याचे पुढचे ध्रुवणपटल सोलून काढले, तर तो पडदा पांढराफटक दिसतो. चित्र नाहीसे झालेले नसते, पण तेच पटल किंवा ध्रुवक चष्मा डोळ्यांपुढे धरणाऱ्यालाच ते दिसते. एकाच खोलीतील दोन माणसांपैकी एकाला चित्र आणि दुसऱ्याला कोरा उजेड दिसावा, ही कल्पना या पडद्याच्या रचनेतूनच जन्माला येते. काचनळीच्या काळात ती कोणाला सुचली नसती. नव्या पडद्यावरचा प्रयोग मी ओळखतो तो याच खुणेवरून. काम दुसऱ्या कोणत्याही पडद्यावर तसेच्या तसे हलवता येत असेल, तर पडदा त्याच्यासाठी भाड्याची जागा आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये लास व्हेगासमधील 'स्फिअर' या गोलाकार वास्तूच्या बाह्य पृष्ठभागावर, सुमारे ५,८०,००० चौरस फूट एलईडीवर, रेफिक अनादोल या तुर्की-अमेरिकन कलावंताचे काम झळकले. ते डोळे दिपवते, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्या प्रचंड आकारापुढे चित्राने स्वतः काय केले, हे विचारायचे राहून जाते असे माझे मत आहे. त्याउलट १९८२ साली जेनी होल्झर या अमेरिकन कलावंत स्त्रीने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील जाहिरातफलकावर आपली छोटी, ठाम विधाने चालवली. फलक जाहिरातींचा, अक्षरांची धाटणीही जाहिरातींचीच, पण विकायला काही नाही. वाचणारा क्षणभर गोंधळतो, आणि तो गोंधळच तिला हवा होता. तुमच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

प्रश्न : माझा सहा मिनिटांचा लघुपट एका इमारतीच्या दर्शनी भागावरील एलईडी पडद्यासाठी निवडला गेला आहे. आयोजकांनी फाइलचे माप कळवले आहे. संगणकावर लघुपट उत्तम दिसतो. त्यात काही बदल करण्याची गरज आहे का?

उत्तर : बहुधा बरीच आहे, आणि फाइलच्या मापावरून ती कळणार नाही. आयोजकांना पहिला प्रश्न विचारा तो दोन बिंदूंमधील अंतराचा. घरातील पडद्यावर हे अंतर मिलिमीटरच्याही अंशात असते, तर इमारतींवर ते दहा मिलिमीटरपासून कित्येक सेंटिमीटरपर्यंत जाते. जितके मिलिमीटर अंतर, किमान तितके मीटर दूर उभे राहावे, असा व्यवसायातील ढोबळ ठोकताळा आहे. वर उल्लेख केलेल्या 'स्फिअर'च्या बाह्य पृष्ठभागावर दिव्यांच्या चकत्या एकमेकींपासून सुमारे आठ इंचांवर आहेत. जगातील सर्वांत भव्य पडद्यांपैकी एक जवळून पाहिला तर निव्वळ ठिपक्यांची जाळी आहे. तुमच्या लघुपटातील चेहऱ्यावरची बारीक सुरकुती, टेबलावरचे पत्र, कोपऱ्यातील शीर्षक यांपैकी काय टिकेल हे या एका आकड्यावर ठरते.

दुसरी गोष्ट अंधाराची, आणि ती मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलो. एका बाह्य भिंतीसाठी मी रात्रीच्या नदीची दृश्ये दिली होती. संपादनाच्या खोलीत त्या काळोखाला खोली होती. भिंतीवर मात्र आजूबाजूच्या दिव्यांनी सगळा गडद भाग राखाडी झाला, एलईडीने मंद छटांच्या जागी पट्टे पाडले, आणि माझी नदी सात मिनिटे ओल्या सिमेंटसारखी दिसत राहिली. तेव्हापासून मी असे काम उजळ खोलीत, मंद केलेल्या लहान पडद्यावर आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून तपासतो.

यावरून कमी बिंदूंचा पडदा म्हणजे दुबळा पडदा, असा समज मात्र करून घेऊ नये. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुनार योहान्सन याने १९७३ साली दाखवले होते की, काळोखात चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवरचे दहा-बारा प्रकाशबिंदू दिसले तरी आपण त्याला लगेच माणूस म्हणून ओळखतो. तोच माणूस स्थिर उभा राहिला की ते निरर्थक ठिपके होतात. म्हणजे बिंदू कमी असतील तेव्हा ओळखीचा भार हालचाल उचलते. विद्युत अभियांत्रिकी शिकलेला अमेरिकन कलावंत जिम कॅम्पबेल याची कामे या तत्त्वावरच उभी आहेत. २००१ सालच्या त्याच्या एका कामात केवळ ३२ गुणिले २४, म्हणजे ७६८ लाल एलईडींवर रस्त्यावरची ये-जा दिसते. पुढे तिरके बसवलेले, प्रकाश पसरवणारे धूसर प्लेक्सिग्लासचे (पारदर्शक प्लास्टिकचे) आवरण आहे. माणूस डावीकडून उजवीकडे चालत जातो तसा तो सुट्या ठिपक्यांतून हळूहळू सलग सावलीत विरघळतो. गंमत अशी की, आवरणामुळे ठिपके धूसर झाल्यावर चित्र अधिक स्पष्ट वाटते, कारण ठिपक्यांच्या कडा पुसल्या गेल्यावर डोळा त्यांच्यात अडकत नाही. मी हे पहिल्यांदा समजून घेतले तेव्हा तीक्ष्णतेविषयीच्या माझ्या बऱ्याच कल्पना ढासळल्या.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथील कुन्स्टहाउस या कलासंग्रहालयाच्या २००३ सालच्या इमारतीवर तर ९३० वर्तुळाकार फ्लुरोसंट नळ्याच बिंदूंचे काम करतात. साध्या फुल-एचडी पडद्यावर वीस लाखांहून अधिक बिंदू असतात, हे लक्षात घेतले म्हणजे तेथील मर्यादा कळते. 'रिॲलिटीज युनायटेड' या रचनाकारांनी ही मर्यादा जाणूनबुजून पत्करली, आणि नळ्या इमारतीच्या कायेचाच भाग वाटाव्यात अशा बसवल्या. त्याआधी २००१ साली बर्लिनमध्ये केऑस कॉम्प्युटर क्लब या संगणकप्रेमींच्या संघटनेच्या मंडळींनी अलेक्झांडरप्लाट्झवरील एका इमारतीच्या १४४ खिडक्यांमागे दिवे लावून १८ गुणिले ८ बिंदूंचा पडदा केला होता. खालून मोबाइलवरून फोन लावून त्यावर 'पाँग' हा चेंडू आणि फळ्यांचा संगणकीय खेळ खेळता येत असे.

आता प्रेक्षकाविषयी. चित्रपटगृहातील माणूस तुमच्यासाठी आलेला असतो. रस्त्यावरचा माणूस दुसऱ्याच कामाला निघालेला असतो, त्याला आवाज ऐकू येत नाही, आणि सहा मिनिटांपैकी वीस सेकंद मिळाली तरी पुष्कळ झाली. म्हणून सुरुवात, मध्य आणि शेवट या क्रमावर अवलंबून असलेली गोष्ट तेथे बुडते. राफाएल लोझानो-हेमर या मेक्सिकन-कॅनेडियन कलावंताने २००१ साली रॉटरडॅमच्या चौकात केलेल्या कामात हा पेच फार सुंदर सोडवला आहे. इमारतीवर लोकांची छायाचित्रे प्रक्षेपित केलेली होती, पण खालून येणाऱ्या प्रखर झोतामुळे ती धुऊन जात; कोणी झोतापुढे उभे राहिले की त्याच्या दोन ते पंचवीस मीटर उंच सावलीच्या आतच ती दिसत. वाटसरूचे थांबणे हाच पाहण्याचा मार्ग झाला. तुमचा लघुपट तसा होणार नाही आणि व्हायलाही नको. परंतु त्यातील कोणतीही वीस सेकंदे एकटी उभी राहू शकतात का, हे पाहून त्यानुसार नवे संपादन करा. मूळ लघुपट महोत्सवांसाठी वेगळा ठेवा.

प्रश्न : पडदा म्हटला की उजेड आलाच का? उजेड न टाकणाऱ्या पडद्यावर कोणी काम करते का?

उत्तर : करतात, आणि या प्रश्नाकडे अधिक लोकांनी वळायला हवे. डॅनिअल रोझिन या कलावंताने १९९९ साली लाकडाच्या ८३० तुकड्यांचा आरसा केला. प्रत्येक तुकड्यामागे छोटी मोटर असून कॅमेऱ्यात समोरचा माणूस दिसला की तुकडे कमी-अधिक कलतात, वरून पडणारा प्रकाश कमी-अधिक परततो, आणि लाकडात त्या माणसाचे प्रतिबिंब उमटते. तुकडे हलताना होणारा टकटक आवाज हाही त्या कामाचा भाग आहे.

इलेक्ट्रॉनिक कागद हा त्याचाच अतिसूक्ष्म भाऊबंद म्हणावा लागेल. त्यातील बारीक कुप्यांमध्ये विद्युतभारित काळे आणि पांढरे कण असतात. विद्युतदाब बदलला की ते वर किंवा खाली जातात आणि नंतर वीज तोडली तरी जागच्या जागी राहतात. चित्र बदलायला मात्र वेळ लागतो, आणि जुन्या चित्राची पुसट छाया मागे रेंगाळते. उत्पादकाला हा दोष वाटतो. २०१८ साली ब्रायन बॉयर या संकल्पकाने त्याचाच उपयोग करून चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी तासाला २४ चौकटी या गतीने दाखवणारा एक पडदा तयार केला. या हिशेबाने दोन तासांचा चित्रपट संपायला ३०० दिवस लागतात. तो कोणी बसून पाहत नाही. येता-जाता भिंतीवरचा उजेड सरकल्यासारखे त्याच्याकडे लक्ष जाते.

प्रश्न : व्हीआरची (डोक्यावर चढवलेल्या पडद्यातून दिसणाऱ्या आभासी वास्तवाची) लाट ओसरली असे सगळीकडे ऐकू येते. दिग्दर्शकाने आता त्यात वेळ घालवावा का?

उत्तर : ही लाट याआधीही ओसरली होती आणि परत आली होती. डोक्यावर चढवायचा संगणकीय पडदा आयव्हन सदरलँड याने १९६८ सालीच केला होता. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. त्यामुळे लाटेकडे पाहून निर्णय घेऊ नका. या माध्यमाची अडचण तुम्हाला खुणावते का, ते पाहा.

दिग्दर्शकासाठी ती अडचण म्हणजे चौकट नसणे. चित्रपटात काय वगळायचे हे आपण ठरवतो, तर येथे प्रेक्षक मान वळवतो आणि आपण नेमके मागे उभे असतो. अनेक व्हीआर कामे या स्वातंत्र्याला घाबरून प्रेक्षकाला खुर्चीत बसवतात आणि चहूबाजूंनी चित्रपट दाखवतात. ती सहसा कंटाळवाणी होतात. कॅनडाच्या शार डेव्हिस हिने १९९५ साली केलेले 'ऑस्मोस' मला आजही पुढचे वाटते. त्यात हातात काही धरायचे नसते. छातीभोवतीचा पट्टा श्वास मोजतो. श्वास घेतला की आपण वर तरंगतो, सोडला की खाली जातो, आणि शरीर झुकवले की दिशा बदलते. डेव्हिस स्वतः पाण्याखाली पोहणारी (स्कूबा डायव्हर) होती, पाण्यातील तरंगणे तिला अंगाने माहीत होते, आणि तिने यंत्राला ते ज्ञान शिकवले. दिग्दर्शक अलेहांद्रो इन्यारितू याच्या २०१७ सालच्या 'कार्ने इ अरेना'मध्येही हेडसेटइतकेच महत्त्व पायांखालच्या खऱ्या वाळूला आहे. प्रेक्षक त्यावर अनवाणी चालतो. तुमच्या कथेला शरीराची अशी गरज नसेल तर ती सपाट पडद्यावरच सांगावी, तेथे ती कमी पडते असे नाही.

प्रश्न : चित्रीकरणासाठी एलईडी भिंती आल्यामुळे बाह्यचित्रीकरण संपेल का?

उत्तर : नाही. २०१९ मध्ये आलेल्या 'द मँडलोरियन' या मालिकेसाठी सुमारे वीस फूट उंच, २७० अंशांत वळलेली एलईडी भिंत वापरली गेली. कॅमेरा हलला की भिंतीवरचा देखावाही त्याच्या स्थानानुसार हलतो, त्यामुळे खोलीचा भास टिकतो आणि नटाच्या शिरस्त्राणावर देखाव्याचे खरे प्रतिबिंब पडते. मात्र भिंतीवर थेट फोकस गेला तर एलईडीच्या जाळीमुळे लहरींसारखे ठसे उमटतात, एलईडीच्या तीन रंगांतून आलेला उजेड त्वचेवर विचित्र पडू शकतो, आणि दुपारच्या कडक उन्हाची धारदार सावली अशा पसरट प्रकाशातून मिळत नाही. संधिप्रकाश हवा असेल तर भिंत वापरावी. ऊन हवे असेल तर बाहेर जावे.

प्रश्न : वीस वर्षांपूर्वी मी काचनळीच्या सहा संचांचे मांडणशिल्प केले होते. त्यातील दोन संच बंद पडले आहेत. त्यांच्या जागी सपाट पडदे लावले तर काम माझे राहील का?

उत्तर : याचा निर्णय तुम्ही हयात असताना तुम्हीच लिहून ठेवावा, ही पहिली विनंती. पाइकच्या १९८८ सालच्या 'द मोअर, द बेटर' या दक्षिण कोरियातील मनोऱ्यात १,००३ संच आहेत. संच जुने झाल्यामुळे २०१८ साली तो बंद करावा लागला. दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा ७३७ काचनळ्या दुरुस्त करून किंवा जुन्या बाजारातून मिळवून कायम ठेवल्या होत्या. वरच्या भागातील लहान आकाराचे २६६ संच मात्र बाह्य रूप तसेच ठेवून आतून एलसीडीचे करण्यात आले. जेथे प्रेक्षक जवळ जाऊ शकत नाही तेथे तडजोड, आणि जेथे काचेचा फुगवटा डोळ्यांना भिडतो तेथे मूळ वस्तू, असा तो मार्ग मला समंजस वाटतो.

तुमच्या कामात संच म्हणजे काय होते, याचा विचार करा. काचेची वक्रता, संच बंद करताना मध्यभागी आक्रसणारा ठिपका, मागून येणारी ऊब, तारस्वरातील बारीक शिटी यांपैकी काही कामाच्या अर्थात सामील असेल तर सपाट पडदा चालणार नाही, आणि सुटे भाग आताच साठवायला हवेत. संच केवळ चित्र वाहून नेत असेल तर बदला. बदलताना जुन्या चित्राचे ४:३ हे प्रमाण ताणून नव्या पडद्यात भरू नका. हा अपराध मोठमोठ्या दालनांतही सर्रास घडतो. सर्व संच चालू असतानाची चित्रफीत तुमच्याकडे नसेल, तर उरलेले चार संच बंद पडण्यापूर्वी ती करून घ्या.

प्रश्न : माझ्याजवळ महागडी यंत्रे नाहीत. सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : कॅमेरा आणि तो जोडलेला पडदा यांच्यापासून. कॅमेरा त्याच पडद्याकडे वळवा. पडद्यात पडदा, त्यात पुन्हा पडदा असा बोगदा दिसेल. कॅमेरा किंचित तिरका केला की तो बोगदा पीळ घेऊ लागतो, आणि प्रत्येक फेरीला होणाऱ्या विलंबामुळे त्यात स्पंदने उठतात. उजळपणा एका विशिष्ट पातळीपलीकडे नेला तर सारे पांढरे होऊन मरते, त्याच्या अलीकडे तासन्‌तास जिवंत राहते. साठ-सत्तरच्या दशकांत व्हिडिओ कलावंतांनी याच युक्तीवर कितीतरी रात्री घालवल्या. त्यांच्यापैकी डॅन सँडिन याने १९७३च्या सुमारास केलेल्या, व्हिडिओच्या चित्रात फेरफार करणाऱ्या प्रतिमायंत्राचे आराखडे ज्याला हवे त्याला देऊन टाकले होते, म्हणून ते यंत्र अनेकांनी घरी बांधले. आज तीच उदारता मोफत संगणकप्रणालींत आहे. त्यांपैकी चित्रे घडवण्यासाठीची 'प्रोसेसिंग' ही प्रणाली शिकायला सोपी आहे.

पण प्रणाली उतरवून घेण्यापूर्वी पंधरा दिवस केवळ कॅमेरा आणि पडदा यांच्यासह बसा, आणि रोज एकच गोष्ट बदला : एके दिवशी अंतर, एके दिवशी कोन, एके दिवशी मध्ये हाताची बोटे. काय बदलले की काय घडते, हे वहीत लिहून ठेवा. बोटांच्या दिवशी खोलीतील दिवा मालवायला विसरू नका, नाहीतर बोटांऐवजी काचेवरचे दिव्याचे प्रतिबिंबच बोगद्यात शिरेल. अर्थात ते प्रतिबिंब आवडले तर दिवा चालू ठेवा.